हिरवा दिवा लागेपर्यंत

॥ श्री ॥
हिंजवडी, पुणे
८ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप सौ. आत्यास,
मृण्मयीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

निघताना तू माझ्या बॅगेत पत्ता घातलेली पाकिटं कोंबलीस, त्यातलं हे पहिलं. तेव्हा हसले होते, आता पटलं. तुमच्या घरात फोन एकच, तोही काकांचा, आणि काका स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाहीत. तुझ्याशी दोन शब्द बोलायचे तर ते दारात श्राद्ध-पूजा ठरवायला बसलेल्या यजमानांनाही ऐकवायचे. त्यापेक्षा पत्र बरं.

नोकरी ठीक आहे, खोली ठीक आहे, जेवणाचे हाल आहेत. मालकीणबाई गॅस ठेवू देत नाहीत. शेवटी धवलदादानं बंगळूरहून आईसाठी म्हणून तुला आणून दिलाय तसाच सँडविच मेकर घेतला. तेव्हापासून रोज ब्रेड, टोमॅटो, चीज. आज अकरावा दिवस आहे आणि मला स्वतःचीच दया येते आहे. कॉलेजची सहा वर्षं तुझ्या हातचं जेवले, सटाण्याला आईकडे गेले की तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे, त्याची ही शिक्षा. त्या यंत्रावर ब्रेडशिवाय आणखी काय होतं ते कळव. झटपट व्हायला हवं, मी ऑफिसातून आठला येते.

तू श्रावणात रामकुंडाच्या पायरीवर घसरलीस, डोक्याला मागे टेंगूळ आलं, हे मला बाबांकडून कळलं. तू कळवलं नाहीस याचा राग मी वेगळा काढून ठेवलाय. आता बरं आहे ना?

काकांना नमस्कार. माझ्यावर जीव आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मृण्मयी


॥ श्री ॥
पंचवटी, नाशिक
५ ऑक्टोबर २०२४

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, पितृपक्ष होता. पंधरा दिवसांत बावीस श्राद्धांचा स्वयंपाक केला. तुझे काका सांगून सांगून थकले की बाहेरून कुणी बोलवू, पण मी ऐकते होय? तुला आठवतं का, आमच्याकडे नवीन असताना तू वड्याच्या ताटावर वाकून वास घेतला होतास आणि काकांनी सगळा घाणा पुन्हा तळायला लावला होता? पितरांच्या आधी चाखायचं नाही आणि वासही घ्यायचा नाही. तू रडलीस आणि मग ते वडे तूच संपवलेस.

आता तुझ्या यंत्राचं. वाटीभर रवा ताकात दहा मिनिटं भिजव. कांदा, मिरची, कोथिंबीर घाल, आयत्या वेळी चिमूटभर सोडा. हिरवा दिवा लागला की तेल लावून मिश्रण ओत आणि झाकण लाव. बरोबर साडेचार मिनिटं, मग उलटून दोन. दुसरं म्हणजे शिळ्या पोळीत मटकीची कोरडी उसळ भर, घडी घालून त्रिकोण कर आणि तीन मिनिटं ठेव. घड्याळ समोर ठेवूनच कर, अंदाजानं काही करू नकोस. मीही आताशा पुष्कळसं त्याच्यावरच करते. दिवा सांगतो, आपण ऐकायचं.

पडल्याचं काही नाही गं. टेंगूळ गेलं. परवा दूध मात्र पार करपलं, पातेलं कोळसा झालं. शेजारची सायली दार ठोठावत आली, तिच्या घरात धूर गेला होता. मी पोथी वाचत बसले होते, लक्ष नव्हतं.

पोटाला नीट खा. दिवाळीचा डबा पाठवते आहे. तू तिकडे आणि माझे आशीर्वाद तुझ्या पाठीशी.

तुझी आत्या,
मालिनी


॥ श्री ॥
पुणे
७ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप सौ. आत्यास,
कृतानेक नमस्कार.

रव्याचे त्रिकोण झकास झाले. ऑफिसातल्या दोघीजणी आता डबा उघडायच्या आधीच हात पुढे करतात. काकडी किसून थालीपीठही लावून पाहिलं, तेही जमलं.

हे लिहू नये असं ठरवलं होतं, पण लिहिते. दिवाळीच्या डब्यातला चिवडा खवट होता. थोडासा नाही, डबा उघडल्याबरोबर खोलीभर वास आला. बेसनाचे लाडू जळके. आत्या, तुझे लाडू! तू बाहेरच्या खोलीत वाती वळत बसायचीस आणि तिथूनच ओरडायचीस की जिरं काळं पडतंय, आच कमी कर. बेसन भाजलं गेलं की नाही हे तू कढईत न बघता सांगायचीस. सहा वर्षांत मी तुझ्या स्वयंपाकघरात घड्याळ पाहिलं नाही. आणि आता साडेचार मिनिटं, दोन मिनिटं, अंदाजानं करू नकोस. वर ते दूध. पातेलं कोळसा होईपर्यंत करपलं, धूर सायलीकडे पोचला आणि तू शेजारच्याच खोलीत होतीस.

दोन रात्री मला झोप नाही. सरळ विचारते, रागावू नकोस. तुला वास येतो ना?

उत्तर लगेच टाक. तुझ्याच मायेवर वाढलेली,

मृण्मयी


॥ श्री ॥
नाशिक
१४ नोव्हेंबर २०२४

चि. मृण्मयीस,
आशीर्वाद.

नाही येत.

पडले त्याच दिवसापासून. घरी येऊन उदबत्ती लावली, तर नुसताच धूर. वाटलं सर्दी असेल. मग कापूर हुंगला, हिंगाची डबी हुंगली, शेवटी फिनेलची बाटली नाकाशी धरली. काहीच नाही. आता जिभेवर तिखट-मीठ कळतं, बाकी सगळं जेवण सारखंच.

काकांना माहीत नाही आणि कळायचं कारणही नाही. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास मी अडतीस वर्षांत कधी घेतलाच नाही, तोंडाला पदर बांधूनच करत आले. मीठ मुठीनं, हिंग चिमटीनं, हाताला सवय आहे. आमच्याकडे नाक नसलेली बाईही सोवळ्यात खपून जाते, बघ.

तू विचारलंच आहेस तर सगळंच सांगते. मागच्या आठवड्यात एक नॉब दुपारभर उघडाच राहिला होता. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. सायली जिन्यातून जाताना ओरडली, गॅसचा वास येतोय म्हणाली. मी हसून सांगितलं की आत्ताच पेटवायला गेले, काडी विझली. ती गेल्यावर सगळे नॉब पुन्हा पुन्हा बंद करून पाहिले.

तरीही तुझ्यापुढे पदर पसरते, कुणाला सांगू नकोस. काकांना कळलं तर ते स्वयंपाक दुसरीकडे देतील. धवलला कळलं तर तो घर बंद करून आम्हाला बंगळूरला नेईल, त्याच्या मनात ते कधीचंच आहे. तिथे अकराव्या मजल्यावर मी काय करू? दहा गावचे यजमान मला नावानं ओळखत नाहीत, पण माझ्या हाताला ओळखतात. तेवढं माझ्याकडे राहू दे.

तुझ्यावर विसंबून असलेली,
आत्या


॥ श्री ॥
पुणे
२२ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप सौ. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी तडक फोन केला होता. काकांनी उचलला, स्पीकर लावला आणि मागून तुझा आवाज आला की मी मजेत आहे, चिवडा आवडला का. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. तुझा राग आला, त्याहून जास्त भीती वाटली.

कुणाला सांगत नाही. पण मला शब्द दे. गॅसला हात लावायचा नाही. पेटवायला नाही, बंद करायला नाही, पुसायलासुद्धा नाही. ओट्यापासून चार हात लांब राहा. तुमचं दोघांचं जेवण सँडविच मेकरवर कर, त्याला ना ज्योत ना नॉब, आणि तुला तो आता माझ्याहून जास्त जमतो. श्राद्धाला सिन्नरच्या अंजलीकाकूंना बोलाव, तू खुर्चीत बसून सांग. काकांना सांग की पडल्यापासून मनगट दुखतं. सगळं संक्रांतीपर्यंतच. मग मी रजा काढून येते आणि तुला नाकाच्या डॉक्टरांकडे नेते. त्यांनी काही होणार नाही म्हटलं, तर काकांना मीच सांगेन, तू समोरही असू नकोस.

माझ्या गळ्याची शपथ घातली आहे असं समज. शब्द पाळशील तरच माझी आत्या.

मृण्मयी


॥ श्री ॥
नाशिक
७ जानेवारी २०२५

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

शब्द पाळते आहे. दीड महिना होईल, नॉबला बोट लावलेलं नाही. मनगटाचं काकांना पटलं. स्वतः तेल कोमट करून आणतात, मी हात पुढे करते आणि मनातून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्यांना आता त्रिकोणांची सवय झाली आहे. मेथीचे, मुगाच्या डाळीचे, काल तर उरलेल्या साबुदाण्याच्या खिचडीचे केले, उपास होता म्हणून. म्हणाले की आमच्या घरातलं सगळं हल्ली तीन कोपऱ्यांचं का असतं? मी म्हटलं, ब्रह्मा, विष्णू, महेश. त्यावर आणखी एक मागून घेतला. यंत्र ओट्यावरून काढून खाली, सिलिंडरच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवलंय. तिथलं बटण हाताशी आहे आणि ओट्याकडे जायलाच नको.

अंजलीकाकूंचा हात चांगला आहे, पण जीव सगळा एसटीत. पाच वाजत आले की त्यांचं चित्त उडतं. गेल्या मंगळवारी खीर उतू जाऊन आच विझली, त्यांनी पुसलं न पुसलं आणि निघाल्या. मी खुर्चीतून बघत होते. उठून नॉब बघावा असं मनात आलं, पण तुझी शपथ आठवली. मग सायलीला हाक मारून बघायला लावलं. ठीक होता.

थंडी फार पडली आहे. निफाडचा पारा रोज पेपरात येतो आणि तो वाचूनच काकांना जास्त वाजते. खिडक्या दिवसभर बंद. गुरुवारी ते यजमानांबरोबर त्र्यंबकला मुक्कामी जाणार, शुक्रवारी सकाळी परततील. सायलीही दोन दिवस माहेरी चाललीय, गुरुवारी रात्री उशिरा येईल. मटार भरपूर आणलाय. शुक्रवारी पहाटेच उठून मटार भरलेल्या पोळ्या लावीन म्हणते, म्हणजे ते येतील तेव्हा गरम मिळतील.

संक्रांतीला येतेस ना? डॉक्टरांचं नाव काढून ठेव, मी येईन. खरंच येईन. तू आलीस की मला धीर येतो.

तुझी,
आत्या


॥ श्री ॥
नाशिक
१९ जानेवारी २०२५

चि. मृण्मयी हिस,
ढुंढिराजचे आशीर्वाद.

तू दोन दिवस येऊन दवाखान्यात बसलीस, रात्र रात्र जागलीस. त्या धावपळीत बोलणं झालं नाही. फोनवर मला हे विचारता यायचं नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या आत्याच्या हातांच्या पट्ट्या परवा बदलल्या. चेहऱ्याच्या अजून तशाच आहेत. डोळ्यांबद्दल डॉक्टर काही सांगत नाहीत, मीही विचारायला धजत नाही. शुद्धीवर आहे, थोडं बोलते. पण त्या पहाटेचं विचारलं की मान भिंतीकडे करते.

झालं ते एवढंच कळलं आहे. गुरुवारी संध्याकाळी अंजलीबाईंनी निघण्याआधी हिच्यासाठी दूध तापवलं, ते उतू गेलं, आच विझली आणि नॉब पुरता बंद झाला नाही. रात्रभर गॅस साचत राहिला. पहाटे हिनं त्या यंत्राचं बटण दाबलं मात्र, भडका उडाला. सायली म्हणते की पहाटे जिन्यात इतका वास होता की ती दार वाजवायला निघालीच होती.

माझं डोकं चालत नाही ते पुढेच. मी कोणाकडे जेवून आलो हे जी बाई मी चपला काढायच्या आत ओळखायची, ती रात्रभर शेजारच्या खोलीत झोपली, पहाटे त्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि तिला वास आला नाही? माझ्या बुद्धीला हे पटत नाही.

धवल आला आहे, संतापला आहे. अंजलीबाईंवर पोलिसांत तक्रार करायची म्हणतो, शनिवारी चौकीत जाणार आहे. त्या काल येऊन माझ्यापुढे रडल्या. त्यांचं म्हणणं असं की निघताना दारातूनच त्यांनी हिला सांगितलं होतं, दूध उतू गेलंय, गाडी चुकेल, तेवढा नॉब बघून घ्या. त्यावर ही हसली आणि म्हणाली की नॉबला हात लावायचा नाही असा मी शब्द दिलाय, सायली आली की बघायला सांगते. अंजलीबाईंना चेष्टा वाटली, त्या बस पकडायला धावल्या. सायली आली तेव्हा ही झोपून गेली होती. धवल म्हणतो, बाई दोष अंगावर येऊ नये म्हणून रचून सांगते आहे.

मला ते रचलेलं वाटत नाही. असलं विचित्र वाक्य कुणी रचत नाही.

हिच्या कपाटात तुझी पत्रं आहेत, दोऱ्यानं बांधलेली. दुसऱ्याच्या नावचं पत्र मी आजवर उघडलं नाही, बायकोच्या नावचंही नाही, आणि या वयात ते शिकायची इच्छा नाही. म्हणून तुलाच विचारतो. तिनं हा शब्द कुणाला दिला होता?

शनिवारच्या आत उत्तर येऊ दे. एका गरीब बाईचा प्रश्न आहे. तू जे लिहिशील ते मी खरं मानीन आणि माझ्या मनातली तुझी जागा आहे तीच राहील.

तुझा काका,
ढुंढिराज