शिवेवरचा गाडा

दि. ३० मार्च २०२०

चि. सौरभ यास,

ताईचा जय भीम. आम्ही सगळे इकडं खुशाल आहोत, तूही खुशाल असावास. हे वाक्य मी दरवर्षी सातवीच्या पोरांकडून घोटून घेते आणि आज स्वतः लिहिताना माझाच हात अडखळला.

कागदावर लिहून फोटो पाठवतेय म्हणून हसू नकोस. फोनवर बोलायला बसलं की आई कान लावून शेजारी बसते. तिच्यासमोर काय बोलणार, कप्पाळ!

तुझ्या फेस्टिवलचं ऐकून जीव हळहळला रे. चौथ्या दिवशी तुझा सिनेमा लागणार आणि फेस्टिवलच्या दुसऱ्याच दिवशी थेटराला कुलूप. हातातोंडाशी आलेला घास गेला. वर विमानं बंद, त्यामुळं परक्या मुलखात त्या खोलीत अडकून पडलास. नीट जेवतोस ना? आईचं दुःख वेगळंच आहे. तुझ्या सिनेमात आजी झालेली ती म्हणते, "माझं तोंड गोऱ्या लोकांनी बघायचं ऱ्हाऊनच गेलं की गं." अख्ख्या गावाला सांगून बसली होती बिचारी.

शाळेतल्या राजश्रीबाईंनी परवा फोनवर विचारलं, तुझ्या भावाचा सिनेमा आहे तरी कशावर? मी सांगितलं, आमच्या आज्यावर. धर्मांतराच्या आधीची गोष्ट. गावात पटकी आली की मरीआईला लाकडी गाड्यात बसवायचं आणि गाडा ओढत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोगराई गावातून गेली. ओढायचं काम आमच्या माणसांचं. आज्यानं ओढला होता.  त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, असलं सगळं संपलं.

इथं गावबंदी आहे. पोरांनी बाभळीच्या फांद्या तोडून रस्त्यावर आडव्या टाकल्यात आणि दिवसभर काठ्या घेऊन बसतात. आपल्याकडं अजून एकही पेशंट नाही, पण उसावर गेलेली माणसं परत येऊ लागलीत, त्यांना गावात घेत नाहीत. पोटची पोरं बाहेर आणि आईबाप आत, असं चाललंय. लोकांच्या डोळ्यांत मी असली भीती कधी पाहिली नव्हती.

आणि हो, तुझा शूटिंगचा गाडा अजून शिवेवरच उभा आहे. टेंपोत जागा नाही, मागून नेतो म्हणाली होती तुझी माणसं. नेला नाही तो नाहीच. परवा मी पाहिलं तर कुणीतरी त्याला हळदकुंकू वाहिलेलं. वत्सलाबाई मला विचारत होत्या, "गाड्याचं तोंड गावाकडं कावून ठिवलंय गं? मरीआईचं तोंड भाईर पाहिजे. आत आसलं तर ती आत येती." मी म्हटलं, अहो मावशी, सांजचा उजेड नीट पडावा म्हणून सौरभनं फिरवला होता, शूटिंगपुरता.  त्यांनी लांबूनच गाड्याला हात जोडले.

आईची साखर बरी आहे. म्हणजे आहे तशी. तू तुझं बघ.

तुझी,
पौर्णिमाताई


दि. १० एप्रिल २०२०

सौरभ,

जय भीम. आज खुशाली लिहीत नाही.

आधी मला सांग, तू रामला सिनेमाची लिंक कशाला दिलीस? तुझा दोस्त आहे, शूटिंगला राबला, सगळं मान्य. फेस्टिवलनं परीक्षकांसाठी म्हणून दिलेली लिंक ती. तिकडं कुणी बघितला नाही, निदान आपल्या गावानं तरी बघावा, असं तुला वाटलं असणार. तुझं मन मला कळतं रे. पण रामनं ती गावाच्या ग्रुपवर टाकली, आणि आता जगात एवढ्या एकाच जागी तुझा सिनेमा लागलाय. घरोघरी. मोबाईलवर.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मजा चालली होती. "अय, माझी म्हैस बघ!" "छबुबाई कशी ठुमकत चाललीय बघा!" गहिनीनाथअण्णा तर पाटील झालेले, स्वतःलाच बघून मिशीवर हात फिरवत होते. गावाचे कारभारी, त्यात सिनेमातले पाटील, मग काय विचारता.

मग केशरबाई गेल्या. पिकलं पान होतं, चार दिवस तापानं पडून होत्या, दमा जुनाच. कुठला कोरोना नि कुठलं काय. पण मातीवरून आल्यावर लोकांनी सिनेमा पुन्हा लावला, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबांना मारुतीच्या पारावर बोलावलं. मीही मागं गेले. सगळ्यांच्या तोंडाला उपरणी, नुसते डोळे दिसत होते. गहिनीनाथअण्णा गोड बोलले. "कचरूभाऊ, राग मानू नगा. तुमच्या पोरानं तिला खेळ म्हणून आणली, तोंड गावाकडं करून उभी केली. आता तुमीच तिला घालवा. येत्या मंगळवारी गाडा शिवेपार करा. तुमच्या घराण्याचा मान हाय तो."

मान! मान म्हणे!

आबा उभे राहिले. तुला आठवतं ना, तू त्यांना आज्याचं काम करा म्हणून किती विनवलं होतंस, तर काय म्हणाले होते? तोंडाला रंग लावूनसुद्धा ह्यो गाडा वढणार न्हाई. तेच त्यांनी भर पारावर सांगितलं. "आमी छप्पन साली टाकलं ते टाकलं." आणि आम्ही घरी आलो. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर गिरणीवाल्यानं आपलं दळण परत पाठवलं. दुकानात गेलं की माल संपलेला. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. समोर आलं की लोक रस्ता बदलतात, एवढंच. हे लई वाईट असतं रे. शिवीला उलटून शिवी तरी देता येते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. आईचं इन्सुलिन संपत आलंय. मागच्या पत्रातही मी नीट सांगितलं नव्हतं. आबा कडा गावाला औषधाच्या दुकानात निघाले तर पोरांनी काट्यापाशी अडवलं, गाडीची चावी काढून घेतली. मी पोलिसांना फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, ताई, आमची सगळी माणसं रस्त्यावर आहेत, गावातलं गावात मिटवा. ॲट्रॉसिटी लावते म्हटलं तर आबा म्हणाले, "ठाण्यापातुर जायला रस्ता कुठाय पोरी?"

काल राम दारात आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून, मान खाली घालून म्हणाला, "काकू, आण्णा म्हणत्यात औशद मी घिऊन येतो. महिन्याभराचं आणतो. फकस्त काकांनी मंगळवारचं तेवढं..." वाक्यही पुरं करवलं नाही त्याच्याच्यानं.

येता मंगळवार कोणता ते बघ. चौदा एप्रिल. बाबासाहेबांची जयंती.

आबा अजून नाहीच म्हणतात. आई भिंतीकडं तोंड करून पडून असते. तिचा पाय काळपट दिसतोय.

ताई


दि. १७ एप्रिल २०२०

सौरभ,

मंगळवारी सकाळी आबांनी इस्त्रीचे पांढरे कपडे घातले. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, आम्ही तिघांनी वंदना म्हटली. मग त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि बनियनवर बाहेर निघाले. म्हणाले, "ह्या कापडात ते काम न्हाई करायचं."

मी दारात आडवी झाले. चारचौघांत ओरडले, भांडले. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी माय जगली तर उद्या भांडू. तीच न्हाई ऱ्हायली तर कुणासाठी भांडायचं?" मी बाजूला झाले. काय करणार होते?

पुढचं मी पाहिलं आणि ते तू ऐकायलाच पाहिजेस. गावात त्या गाड्याचं काही म्हणजे काही कुणाला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना अर्धवट आठवत होतं, एक म्हणायचं असं, दुसरं म्हणायचं तसं. मग राम पुढं झाला. हातात मोबाईल, मोबाईलवर तुझा सिनेमा. थांबवून थांबवून बघत होता आणि सांगत होता, आता लिंबाचा पाला. आता दहीभात. आता पायतण काढा. आता मागं बघायचं न्हाई. आणि माझा बाप ते सगळं करत होता.

आबांनी गाडा ओढला. शिवेपार नेला, खालच्या वाडीच्या अलीकडं गायरानात सोडला आणि परत फिरले. तोवर पोरांनी बाभळीचे काटे ओढून वाट बंद केली होती.

मी म्हटलं, हे काय? गहिनीनाथअण्णा म्हणाले, "सिनेमात हाय तसंच. गाडा वढणारा परत गावात येत न्हाई. न्हाईतर तिला संगं घिऊन येतो."

सौरभ, ते तू मनानं घातलं होतंस! आजा त्याच सांजेला घरी आला होता. ओढ्यावर अंघोळ केली, भाकरी खाल्ली आणि झोपला. आईला आजीनं सांगितलेलं, आईनं तुला सांगितलेलं, माझ्यासमोर. तूच म्हणालास, त्यात दम नाही ताई, बाहेरच्या लोकांच्या काळजाला हात घालायचा तर शेवट पाहिजे. मागं काटा लागतो, आजा पलीकडं उभा, आजी अलीकडं उभी. आई काय रडली होती त्या सीनला! तेव्हा मलाही तो शेवट आवडला होता.

मी तिथंच ओरडून सांगितलं, हे खोटं आहे. तर अण्णा शांतपणे म्हणाले, "मग काय सौरभ खोटं दाखवतो व्हय? सत्य घटना म्हणून लिव्हलंय की सुरवातीलाच." वर कुणीतरी म्हणालं, आता तर सरकारच सांगतं, चौदा दिवस भाईर ठिवा.

खालच्या वाडीनंही काटे लावलेत. आबा मधल्या गायरानात बाभळीखाली आहेत, त्या गाड्याशेजारी. बाजूच्या रानांतून कुठंही निघून जाता येईल त्यांना, पण जात नाहीत. कारण इन्सुलिन अण्णांच्या घरी आहे. "तुमच्याकडं फ्रीज न्हाई, खराब हुईल," असं म्हणून ठेवून घेतलं. सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या ओसरीवर जाते, सुई भरून घेते आणि घरी येते. आबा पलीकडं आहेत तोवर ती सुई मिळणार. असं कुणी तोंडानं म्हटलेलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही.

भाकरी मी काट्याजवळच्या दगडावर ठेवते आणि मागं सरते, मग ते येऊन नेतात. काल अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या. आज सकाळी भाकरी न्यायला आले नाहीत. मी हाका मारल्या तर लांबून खोकल्याचा आवाज आला. काट्यावरची पोरं चार पावलं मागं सरली. रामनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "ताई, काका खोकत्यात. आता तर आण्णा काटा काढूच देणार न्हाईत. चौदा दिवसांनी बी न्हाई."

बुधवारपासून मी तुला सात मेसेज केले. प्रत्येकाखाली दोन निळ्या खुणा दिसतात. तू वाचतोस. तुला एकच सांगितलं होतं, ग्रुपवर तुझा चेहरा दाखवून बोल, की तो शेवट मी रचला, आमचा आजा घरी आला होता. दोन मिनिटांचं काम. आणि तू मला उलट काय पाठवलंस, तर फेस्टिवलची माणसं दिवाळीच्या सुमारास सिनेमा दाखवणार आहेत, त्यांना त्यातलं खरेपण लई भावलं, अशा वेळी असं काही बाहेर गेलं तर अवघड होईल, जरा धीर धर. त्यानंतर एक शब्द नाही.

धीर कुणी धरायचा रे? बापानं, गारांत?

मला तुझा राग आलाय, आणि तुझी कीवही येते. तिकडं एकटाच आहेस, हातात दुसरं काही उरलं नाही, सगळं मला कळतं. पण आता कळून उपयोग नाही.

दुपारी मी ओसरीवरून भरलेली सुई घेऊन आले तर आईनं हात मागं घेतला. म्हणाली, "मला न्हाई टोचायचं. माझा माणूस आण आधी." मी समजावलं, रागावले, रडले. ती ऐकत नाही. उठून बसलीय, पदर खोचलाय. म्हणते, "तू जा. मी दार उघडं ठिवते." त्यामुळं आता त्यांच्या फ्रीजचा धाकही उरला नाही.

उन्हं कलली की मी काट्यांकडं निघतेय. हातात कोयता आहे, फांद्या तोडायला. पोरं काठ्या घेऊन बसलेली आहेत आणि खोकणाऱ्या माणसाला आत आणणारी बाई त्यांना कशी दिसेल हे मला ठाऊक आहे. त्याआधी तुझा चेहरा त्यांच्या मोबाईलवर आला तर हात थांबतील. तुझं ते ऐकतात. तुझ्यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

मला उत्तर पाठवू नकोस. मी फोन घरी आईजवळ ठेवून जातेय. बोलायचं असेल तर गावाशी बोल.

कचरूची लेक,
पौर्णिमा