छाटणीच्या काड्या

जुना जालना,
ता. १० ऑक्टोबर १९३८

चि. मार्तंडास अक्काचे अनेक आशीर्वाद.

दसऱ्याचं सोनं पोचलं. इकडे ठीक आहे. रजनीचा खोकला गेला का, कळव.

कालपासून सिकंदराबादची एक दुपार डोळ्यांपुढे आहे. तू सहा वर्षांचा, मला शाळेतून न्यायला टांग्यातून आला होतास. कॉन्व्हेंटमागच्या मांडवाखाली सिस्टर आम्हा मुलींकडून त्यांच्या प्रार्थनेच्या वाईनसाठी द्राक्षं तोडून घेत. मला एक घोस मिळाला होता. तू टांग्यात वाटण्या मांडल्यास: एक अक्काला, एक मला, एक टांगेवाल्या चाचांना. शेवटी एकच द्राक्ष उरलं, तर दातांनी त्याचे तीन तुकडे केलेस. चाचा हसून म्हणाले, "छोटे साहब, इन्साफ बिलकुल बराबर!"

तोच ना रे तू?

काल बाजाराला साळूबाई आली होती. पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाली, "अक्का, छाटणी सुरू झाली. आमी लावायला काड्या मागाय गेल्तो, तर पुंजाराम म्हन्तो मालकाचा हुकूम हाय, समद्या जाळायच्या. तालुक्यात दुसरा मांडव उभा ऱ्हायला न्हाई पाह्यजे."

तुझा मुनीम स्वतःच्या मनानं असं बोलणार नाही. म्हणजे हुकूम तुझाच.

चार वर्षांपूर्वी राजूरच्या चावडीसमोर तू काय बोललास, आठव. वाईन जहाजानं येते ती का म्हणून? तिची द्राक्षं आपल्या मुलखात पिकवू, घरोघर मांडव होईल, फक्त पहिल्या मळ्याला सगळ्यांनी हात द्या. दारूचं नाव ऐकून बायका बिचकल्या, तेव्हा घरोघर कोण फिरलं? मी. सिस्टरांच्या मांडवाची गोष्ट सांगितली. ज्याचा हात लागेल त्याला आपल्या दारी लावायला छाटणीची काडी मिळेल, हा शब्द मी दिला.

तू त्याला इर्जिक म्हणालास म्हणून लोक आले. इर्जिकीला मजुरी नसते. बोलावणाऱ्यानं स्वतः पंगत वाढायची आणि दुसऱ्यानं हाक दिली की आपले बैल घेऊन जायचं. तू एकदाही वाढलं नाहीस, पुंजारामाला उभं केलंस. कडूबानं खड्डे खणले. कचरूनं काटेरी कुंपण ओढून आणलं, महिनाभर त्याचे तळहात फुटलेले होते. मोट मोडली त्या वैशाखात साळूबाई आणि दुर्गाबाईंनी डोक्यावरून पाणी आणून वेल जगवले. आणि कडूबानं ज्वारीच्या पेरणीला दोन दिवस बैल मागितले, तर तू म्हणालास, "जेवलात ना? मंग झालं." हे बोलायला जीभ कशी धजली?

कचरू तर मला म्हणाला, "अक्का, दारू साहेबाला, अंगूर मालकाला. आमाला निदान चुलीला काड्या तरी द्या!" सगळे हसले. मला हसता आलं नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. आबकारीचे साहेब परवाना घेऊन आले त्या दिवशी तुझं इंग्रजी भाषण मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. 'हा मळा मी एकट्यानं, पगारी मजूर लावून उभा केला.' ते वाक्य आधीच माझ्या नजरेस पडलं होतं. चष्मा पुसायच्या निमित्तानं मी थांबले. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि मी वाचलं, मार्तंड, स्पष्ट उच्चारात, सिस्टरांनी शिकवलं तसं. समोर साळूबाई होती, कचरू होता. एक अक्षर कळलं नाही तरी, अक्का बोलते म्हणजे आपलंच कौतुक असणार, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या अजून कानात आहेत.

मळ्याची जमीन बाबांनी माझ्या नावे केली आहे, हे मी आजवर बोलले नव्हते. आज बोलते. काड्या चार दिवसांत सुकतात, तेव्हा पत्र मिळताच कामाला लाग. विहिरीकडच्या ओळीच्या सगळ्या काड्या साळूबाईला, निवडायचा मान तिचा. दुर्गाबाईचे हात आता थरथरतात, तिला मुळं फुटलेली रोपं द्यायची, परसात लावूनही द्यायची. कचरूला मधल्या चार ओळींच्या जाड काड्या. बाकीच्या, जे जे घर इर्जिकीला आलं त्याला सारख्या. कडूबाकडे दोन दिवस बैल, आणि बैलांमागे तू.

साहेबांना माझं इंग्रजी पत्र उद्याच्या टपालानं जाईल. त्यात सगळी नावं आहेत, माझी चूकही आहे. तीच नावं येत्या रविवारी मी चावडीसमोर मराठीतून वाचणार आहे.

मग तिथंच सगळ्यांची पंगत, आणि वाढप तुझ्याकडे. भाकरी तुझ्या हातानं पडली पाहिजे.

ते खोटं वाचून दाखवणारी,
तुझी अक्का