पूर्ण नाव, जन्मतारीख

७ मे, गुरुवार

खेळत होता म्हणे! ट्रूडीचं मनगट मी मम्मीपुढे धरलं. चार बोटं उठलेली, लालभडक. आणि मम्मी म्हणते, "बक खेळत होता गं तिच्याशी. तुला माणसांची सवय नाही, म्हणून तुला सगळंच भयंकर वाटतं."

मी टेबलाखाली वाकले होते, पडलेला काटा उचलायला. पाहिलं ना मी! वर तो हसत होता. तोंडात मक्याचा पाव, चर्चच्या छपराची गोष्ट रंगवून सांगत. आणि खाली ट्रूडीचं मनगट पिळून धरलेलं. दूध सांडलं होतं तिने. एवढंच. माझी धाकटी बहीण, नऊ वर्षांची पोर. रडली नाही. रडायचं नाही हे तिला आधीच कळलेलं होतं — तेच डोक्यातून जात नाही.

१३ जूनला मम्मीचं त्याच्याशी लग्न. मग मम्मी आणि ट्रूडी त्याच्या घरी जाणार, डोंगरापलीकडच्या काउंटीत, खोऱ्याच्या पार टोकाला. तिथे फोन लागत नाही. शेजार नाही. मी इथेच राहायचं, लाँड्रीच्या वरच्या खोलीत. "अठरा झाली ना आता ती," बक म्हणाला. मला कुणी विचारलं?

८ मे

लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत होते. आयसीबाई आल्या, त्यांचे ते दोनच टॉवेल घेऊन. घरी मशीन आहे त्यांच्याकडे, पण घरी बोलायला कुणी नाही.

"तुझी आई बक नेपियरशी लग्न करतेय म्हणे?"

मी मान हलवली.

"त्याची आधीची बायको, ग्लेना — बिचारी गेली. तिची एक पोर होती, पहिल्या नवऱ्याची. हात प्लास्टरमध्ये. मी पाहिली होती. झाडावरून पडली म्हणाले." मग टॉवेल झटकला. "त्या खोऱ्यातली पोरं झाडावरून फार पडतात!"

मी पुढची चादर उचलली. मी कधी बोलते?

"माझं ऐकू नकोस. मी म्हातारी, माझी जीभ सैल. कोर्टात जा. कुणावर काय खटले झाले ते तिथे सगळं असतं. कुणीही बघावं. नुसतं जायचं आणि नाव सांगायचं."

नुसतं नाव सांगायचं! मी! दुकानात "आणखी एक पिशवी द्या" म्हणता येत नाही मला. शाळा सोडली ती आजीच्या आजारपणामुळे असं सगळ्यांना वाटतं. आजारपण होतंच. पण खरं तर उभं राहून वाचायला लागायचं म्हणून.

१२ मे, मंगळवार

गेले! ब्लॅकबेरी फुलली की इथे थंडी एकदा परत येते, तशी आली आहे. मम्मीचा हिरवा कोट घातला. त्याचा खिसा मीच शिवलाय, घरात हिरवा दोरा नव्हता म्हणून पिवळ्याने. रस्ताभर त्या पिवळ्या टाक्यांवरून बोट फिरवत वाक्य घोकलं. "मला एका माणसाचं रेकॉर्ड बघायचं आहे. मला एका माणसाचं —"

कोर्टाच्या काउंटरवर मम्मीच्या ओळखीची नेओमा!

"अगं, रोमाची पोर ना तू! लग्नाचा केक मीच करतेय, माहितीय ना? बोल, काय हवंय?"

"बाथरूम," मी म्हटलं.

बाथरूममध्ये बसून राहिले. हात धुतले. पुन्हा धुतले. तिच्यापुढे बकचं नाव घेतलं तर जेवणाच्या आत त्याच्या कानावर जाणार. हे काय न्यूयॉर्क आहे?

बाहेर आले तर कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. वर कागद चिकटवलेला, सर्वांसाठी खुला. कुणाला काही सांगायचंच नाही! बसले. पडद्यावर दोन रिकामे चौकोन. पूर्ण नाव. जन्मतारीख. मी घातलं, बक नेपियर. जन्मतारखेत काय घालू? काहीच निघालं नाही.

"टोपणनावाने नाही निघत हं बाळ," नेओमा तिकडूनच. "अर्ध्या काउंटीला बक म्हणतात. पाळण्यातलं नाव लागतं. आणि जन्मतारीख. आणि अठराच्या आतलं काही दिसत नाही, ते बंद असतं. कुणाला शोधतेयस?"

"बाबांना."

खोटं बोलले. बाबा सोडून गेलेले सगळ्यांना माहीत आहे. तिने पुढे विचारलं नाही.

१३ मे

"मम्मी, बकचं खरं नाव काय?"

"कशाला?"

"केकवर घालायला."

"केकवर बकच घालायचं."

१९ मे

माझं कुणी ऐकत नाही. ट्रूडी आता त्याच्या शेजारी बसते तेव्हा दोन्ही हात मांडीखाली ठेवते.

२४ मे, रविवार

आज थडग्यांना फुलं वाहायचा दिवस. बक आम्हाला त्याच्या घरच्या दफनभूमीत घेऊन गेला. टेकडीवर, गवत कापलेलं, सगळे नेपियर जमलेले, गाड्यांच्या मागच्या फळ्यांवर जेवण मांडलेलं. तळलेलं चिकन, बीन्स, तीन प्रकारचे फळांचे पाई. बकची काकू मला म्हणाली, "खा गं, तुझ्यापेक्षा हा खराटा जाड आहे!" सगळे हसले. चांगली माणसं आहेत. तेच कळत नाही मला.

मम्मीने प्लॅस्टिकची फुलं माझ्या हातात दिली. "जा, ग्लेनाला वाहून ये. बरं दिसतं."

ग्लेनाचा दगड जोडदगड आहे, आपल्याकडे नवराबायकोचा असतो तसा. डावीकडे ग्लेना, जन्म, मृत्यू. उजवीकडे तो. माणूस जिवंत, चिकन खातोय, आणि त्याचं नाव दगडात कोरून तयार! हर्शेल डीन नेपियर. जन्म २ नोव्हेंबर १९६१. पुढे नुसती रेघ, आणि रेघेपुढची जागा रिकामी.

पूर्ण नाव. जन्मतारीख.

फुलं माझ्या हातातच राहिली. मागून तो आलाच. "काय वाचतेयस, डेल्फी?"

"काही नाही."

"माझी जागा आहे ती," तो म्हणाला. छान हसला. "तुझ्या आईला म्हटलंय, तिला पलीकडे झोपवू."

२६ मे, मंगळवार

निघालं! एकच. परवान्याशिवाय मासे पकडले, दंड भरला. बस!

मी मशीनपुढे बसून हसले. खरंच हसले. मला वाटलं मीच वेडी. मला माणसांची सवय नाही, मम्मी म्हणते तेच खरं. मग मनगट आठवलं.

नेओमा माझ्या खुर्चीमागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. पडदा झाकायलाही वेळ मिळाला नाही. तिने वाचलं. तिचं तोंड बदललं नाही, पण आवाज खाली आला.

"हे फक्त आपल्या काउंटीचं हं. तुझे — तुझे बाबा डोंगरापलीकडे राहत होते ना? तिकडचं तिकडे बघावं लागतं. आणि जुनं असेल तर मशीनमध्येही नसतं. तळघरात, कागदावर." मग म्हणाली, "गुरुवारी जा. गुरुवारी तिथे एल्डन असतो. म्हातारा आहे. तो कुणाला सांगत नाही."

आणि मोठ्याने: "आईला विचार, केक किती मजल्यांचा हवा!"

४ जून, गुरुवार

आयसीबाईंनी नेलं. "गाडी मला चालवता येते, फक्त दिसत नाही. तू वळणं सांग." डोंगराचा अख्खा घाट मी ओरडत होते — डावीकडे! डावीकडे! आयुष्यात एवढी ओरडले नव्हते.

तळघरात ओल, दिव्याची गुणगुण, आणि एल्डन, खांद्यांवरून दोन पट्टे आलेली पँट घातलेला. मी दगडावरचं नाव आणि तारीख सांगितली. माझ्याच तोंडाने. आवाज फाटला, पण निघाला. तो उठला, आत गेला, फाईल घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवली. "इथेच बसून वाच."

अकरा वर्षांपूर्वीचं. ग्लेनाची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. हात दोन ठिकाणी मोडलेला. झाड नव्हतं कुठलं. ताट फोडलं होतं तिने. डॉक्टरांनी लिहिलंय की हाताला आधीचीही मोड होती, आपोआप जुळलेली. त्याने गुन्हा कबूल केला. दीड वर्ष आत होता.

ताट. दूध.

 माझा चेहरा बघून एल्डनने कचऱ्याची टोपली पुढे सरकवली, जसं काही रोजचंच.

"कमाल आहे," तो म्हणाला. "दहा वर्षं या फाईलला कुणी हात लावला नाही. आणि यंदा दोघीजणी."

"दोघी?"

"मार्चमध्ये एक बाई आली. बस म्हटलं तर बसली नाही. उभ्यानेच वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. कॉपी नको म्हणाली. हिरवा कोट होता, खिशाला पिवळ्या दोऱ्याचे टाके. माझी बायको शिवणकाम करायची, म्हणून लक्षात राहिलं."

परत येताना आयसीबाई म्हणाल्या, आता तूच चालव. मी चालवली. घाटातही गाडी सरळ गेली.

५ जून

बोलले मम्मीशी. फाईलचा नंबर हातावर लिहून आणला होता, तो दाखवला. तिने बघितलाही नाही.

"माहितीय मला."

"मग —"

"मग काय? वाचलं. दोनदा वाचलं. घरी आले आणि बीन्स शिजत टाकले. शिक्षा भोगलीय त्याने, डेल्फी. आता देवाला मानतो. दारू सोडली. प्रत्येकाचं काहीतरी असतं."

"ट्रूडीचं मनगट, मम्मी."

"मी सांभाळीन ना तिला!" ओरडली. मग बसली, एप्रनने तोंड पुसलं. "सात वर्षं एकटी आहे मी. या घरात कुणी मला 'दमलीस का' विचारलं नाही. तो विचारतो. तू तर बोलतच नाहीस. मला वाटायचं तुला काही कळतच नाही."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तेच वाईट.

१० जून, बुधवार

पाद्रीबाबांकडे गेले. ते म्हणाले, क्षमा करायला शीक. शेरीफच्या पोलीस ऑफिसात गेले. टेबलावरचा माणूस सँडविच खात होता. "लग्न करणं गुन्हा नाही, पोरी. काही झालं तर फोन कर." म्हटलं, तिथे फोन लागत नाही. तो म्हणाला, मग कठीण आहे. मुलांसाठीच्या सरकारी नंबरवर फोन केला. खूण आहे का अंगावर? आता नाही, गेली. मग काही घडलं की कळवा.

काही घडलं की! घडेपर्यंत सगळे थांबणार. फाईल काय, कुणीही बघावी. बघून करायचं काय, ते कुणी सांगत नाही.

संध्याकाळी ट्रूडीची बॅग भरत होते. ती म्हणाली, "डेल्फी, बक म्हणतो तिकडे खूप झाडं आहेत, जपून राहायचं, पोरं पडतात. पण मी तर झाडावर चढतच नाही."

मी तिचे मोजे घडी करत होते. करतच राहिले.

१२ जून, शुक्रवार

मम्मी चर्चमध्ये फुलं लावायला गेली, बक तिच्याबरोबर. त्याचा ट्रक दारात. किल्ली आतच. इथे सगळेच तशी ठेवतात, कुणी नेत नाही म्हणून. ट्रूडीची बॅग भरलेलीच आहे. ही वही घेतली. ट्रूडीचा हात धरला.

२१ जुलै, मंगळवार

आज कोपऱ्यातल्या मशीनवर बसले. पूर्ण नाव: डेल्फिया रे स्टँपर. जन्मतारीख: १९ एप्रिल १९९१. अठरा पूर्ण, म्हणून सगळं उघडं. एक केस निघाली. ट्रकची चोरी. फिर्यादी हर्शेल डीन नेपियर. साक्षीदार रोमा नेपियर. म्हणजे मम्मीचं आडनावही गेलं.

न्यायाधीशांनी विचारलं होतं, का नेलास ट्रक? मी उभी राहिले. अख्खं कोर्ट बघत होतं. हातावरचा फाईलचा नंबर पुसला गेला होता, पण मला पाठ होता. मोठ्याने सांगितला. त्यांनी एल्डनच्या तळघरातून ती फाईल मागवली, वाचली आणि माझ्या केसला जोडली. त्यांच्याच हुकमाने ट्रूडी आता आत्याकडे आहे. कायम नाही, पण आहे. फोन लागतो तिथे.

मग मी बकचं नाव घातलं, दगडावरची तारीख घातली. आता आमच्याकडेही नुसता मासे पकडल्याचा दंड निघत नाही. माझी केस निघते, आणि तिच्या पोटात ती जुनी फाईल.

नेओमा म्हणाली, "बाळ, काही वर्षांनी अर्ज केलास तर तुझी केस पुसता येईल. मी भरून देईन."

"नको," मी म्हटलं. दारातल्या पोलिसालाही ऐकू गेलं. "कुणी शोधत आलं तर तिला सापडू दे."