एका भिंतीचा बेज

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच, हात रंगाने बरबटलेत.

तुझ्या शब्दकोशाच्या कचेरीला 'बेज' या इंग्रजी शब्दाचे चालू वापर हवेत आणि कॉलेज सोडून रंगाच्या दुकानात बसलेला भाऊ त्यासाठी उपयोगी पडतोय, हे बाबांना जरूर कळव. गिऱ्हाइकांची वाक्यं टिपलेल्या नऊ चिठ्ठ्या सोबत आहेत. ज्या रंगाला नाव सुचत नाही त्याला लोक बेज म्हणतात. एका काकांनी शेड कार्डावरच्या सात रंगांना बेज ठरवलं आणि शेवटी नेला पांढरा. मी बोलणारच होतो, मालकांनी पाय दाबला.

शब्द खरा कळलाय तो एकीलाच. मागच्या गल्लीत तिचा फोटो स्टुडिओ सुरू होतोय, फोटोत मागे दिसणारी भिंत ती स्वतः रंगवतेय. ती म्हणते की बेज म्हणजे चेहऱ्यामागे गप्प बसणारा रंग. ते ऐकल्यापासून मला मात्र गप्प बसवत नाही. अन्न गोड लागत नाही. ती दिवसाआड लिटरभर रंग न्यायला येते. उद्या यायची आहे.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. ११ जानेवारी

चि. भडकूस,
अ. उ. आ.

चिठ्ठ्या पोचल्या. नऊपैकी सहा वाक्यं एकाच बाईची आहेत. कोशात हे चालत नाही रे, एका माणसाच्या बोलण्यावर अर्थ ठरत नसतो. आमच्या नोंदीत बेज म्हणजे मुळात न रंगवलेल्या लोकरीचा रंग, पुढे कुठलाही फिकट तपकिरी, आणि हल्ली माणसाला लावला तर मिळमिळीत. तुला कुणी बेज म्हणणार नाही, एवढं समाधान मान.

बाबांना कळवलं. ते म्हणाले की परीक्षेचा फॉर्म अजून मिळतो.

एक शंका. भिंत एक, मग रंग लिटरालिटरने का? तुमच्याकडे मोठा डबा नसतो? उत्तर देताना विषय बदलू नकोस.

वेळेवर जेव, आणि रागावलास तरी लिहीत राहा.
तुझी ताई

ता. १५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विषय बदलत नाही. मोठा डबा आहे. तो संपलाय असं मीच तिला सांगितलं. मोठा दिला असता तर ती एकदाच आली असती.

प्रत्येक डब्याचा रंग यंत्रावर स्वतंत्र मिसळला की थेंबादोन थेंबांचा फरक पडतो. म्हणून एका भिंतीचा सगळा रंग एकाच बादलीत ढवळून घ्यायचा, हा दुकानातला पहिला धडा. तो मी तिच्यापासून लपवला. काल तिने स्टुडिओतला चाचणीचा फोटो आणून दाखवला. भिंतीवर चार पट्टे, चारही बेज, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही! तिला वाटतंय की आपलाच हात वाईट. तिचा भाऊ म्हणाला की जिला साधी भिंत जमत नाही तिने स्टुडिओच्या भानगडीत पडूच नये. त्याचं डोकं फोडायला निघालो होतो. अर्ध्या वाटेत कळलं की फोडायचं ते माझं.

शनिवारी तिचं पहिलं गिऱ्हाईक आहे, अख्ख्या कुटुंबाचा फोटो. खरं सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही. यंत्र बिघडलं होतं असं सांगून रंग बदलून देऊ का? उलट टपाली लिही, जीव थाऱ्यावर नाही.

तुझा धाकटा

ता. १७ जानेवारी

चि. भडकूस,
आशीर्वाद नंतर.

यंत्रावर ढकललंस तर मला पत्र पाठवू नकोस. तुझ्या प्रेमाचं व्हायचं ते होईल. तिला कळायला हवं की तिचा हात चांगला आहे, आणि ते सांगू शकणारा जगात तू एकटा आहेस. पत्र खाली ठेव आणि ऊठ.

तुझी ताई

ता. २३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उठलो. आधी मालकांना सांगितलं. त्यांनी एक शब्द न बोलता मोठा डबा काढून दिला, मग पुष्कळ शब्द बोलले.

तिलाही सगळं सांगितलं. डबा होता, मी लपवला, पट्टे माझे, तुमचा हात सरळ आहे. का लपवला, असं तिने विचारलं. तेही सांगितलं, जरा मोठ्यानेच, हळू सांगणं मला जमत नाही. ती एवढंच म्हणाली की मी तीन दिवस जुन्या पुठ्ठ्यावर रोलर फिरवून हात बसवत होते. ताई, तिने ओरडायला हवं होतं. भिंत मी रंगवून देऊ का विचारलं, तर म्हणाली की नको, माझा हात सरळ आहे ना. मी फक्त रंग ढवळून दिला.

शनिवारी काचेतून पाहिलं. कुटुंब ओळीने बसलेलं, मागे भिंत एकसारखी, कुणाची नजरही जाऊ नये अशी. तिचा भाऊ निमूटपणे खुर्च्या सरकवत होता. तिने मान वर केली नाही.

रंग भरपूर पुरला. थोडा उरलाही असेल. म्हणजे दुकानात यायचं तिला आता काहीच कारण नाही, आणि हा बंदोबस्त मीच माझ्या हाताने करून आलो. दाराची घंटी वाजते, मी उठतो, आणि कुणीतरी खिळे मागतं.

तू तरी अंतर देऊ नकोस.
तुझा धाकटा