टोपीतलं शिळं पाणी

१२ मे, सोमवार

मोहिनी रडली. माझ्यामुळं. आणि मी झाडू मारत राहिले!

हेमकांत सरांनी तिला सगळ्या लॅबसमोर झापलं. तापीकाठचे रतिलालभाई केळीच्या शेतातली माती घेऊन परत आले होते. एकच माती. आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या सणाआधी आकडा आला आठ पॉईंट तीन, आज सात पॉईंट एक. रतिलालभाई हसत म्हणे, "माती तीच शे सर. आखाजीना पहिले खारी व्हती, आते गोड कशी व्हयनी?"

सर नाही हसले. म्हणे यंत्र बरोबर आहे, पोरीचा हात बरोबर नाही. मोहिनी म्हणत होती, सर, काचेच्या टोपीतलं पाणी कोणीतरी बदललंय. सर म्हणे, कारणं सांगू नकोस.

कोणीतरी म्हणजे मी.

१३ मे

लिहून टाकते. कागद तरी कुणाला सांगणार नाही.

यंत्राला एक काचेची कांडी आहे. टोकाला फुगा, करवंदाएवढा. माती पाण्यात ढवळायची, फुगा त्यात बुडवायचा, की आंबट-खाराचा आकडा येतो. काम झालं की मोहिनी त्या फुग्याला टोपी घालते. टोपीत पाणी. तेच पाणी आठ-आठ दिवस! मी चिडवायची, "काय व माय, नवरदेवले टोपी घाली दिनी, आते वरात कधी?"

आखाजीला ह्यांच्या नावाची घागर भरली. नवी घागर, ताजं पाणी. गेलेल्या माणसालासुद्धा शिळं पाणी देत नाही आपण. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ती टोपी दिसली, कडेला पांढरी खरड चढलेली. कसंतरी झालं. पाणी मोरीत ओतलं. टोपी घासली. फुगा पदरानं लख्ख पुसला. डिस्टिल्ड वॉटर भरलं, लॅबमधलं सगळ्यात शुद्ध! मग रोजच. मोहिनी यायच्या आधी. वाटायचं, पुण्याचं काम करतेय.

१५ मे

आज मोहिनीला साळसूदपणे विचारलं, पाणी बदललं तर असं काय बिघडतं?

बिचारी बसून समजवायला लागली. ही काच साधी नाही म्हणे. पाण्यात राहून तिची वरची कातडी भिजते, फुगते, हरभऱ्यासारखी. आंबटपणाचे बारीक कण असतात, हायड्रोजनचे. ते तेवढे त्या कातडीत जागा धरतात. बाकीचे बाहेर उभे. फुग्याच्या आत ठरलेलं आंबट पाणी नि चांदीची तार. बाहेरच्या नि आतल्या फरकानं इवलीशी वीज होते, यंत्र ती वाचून आकडा दाखवतं.

म्हटलं, म्हणजे माझ्या सासूसारखी. ओट्यावर दहा जण येऊन गेले तरी डोळा उघडायची नाही, लेकाचं पाऊल मात्र झोपेत ओळखायची! मोहिनी हसली. चार दिवसांनी हसली.

मग म्हणाली, टोपीतलं पाणी मुद्दाम खारं ठेवतात. ती खरड मिठाचीच, पोटॅशियम क्लोराईडची. शुद्ध पाणी भुकेलं असतं, कांडीतलं मीठ ओढून घेतं. वरून पुसलं तर कातडी वाळते. मग काच सुस्त होते, आकडा एका जागी बसतच नाही. आणि ही काच कधी फसतेसुद्धा. लई खारी माती असली की सोडियमलाच हायड्रोजन समजून बसते.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," मी बोलून गेले. नि जीभ चावली.

१६ मे

नाही सांगितलं.

१७ मे

आजही नाही. मोहिनी खापर गावाहून येते, तीन महिन्यांच्या बोलीवर लागलेली. बावीस तारखेला कायम होणार होती. आता सर त्याचं नाव काढत नाहीत.

मला काय भ्या आहे? काढतील कामावरून, एवढंच. पण हे गेल्यापासून घरात बोलायला भिंती. लॅबमध्ये चिडवायला माणसं तरी मिळतात. एवढ्यासाठी पोरीचा गळा धरून बसलेय मी!

१९ मे, सोमवार

सरांनी मोहिनीला सांगून टाकलं, बुधवारी शेवटचा दिवस. तिनं मान हलवली नि बीकर धुवायला लागली. ते माझं काम. तरी धूत राहिली.

मी तडक केबिनमध्ये. म्हटलं, "सर, पाणी मी ओतत होते. रोज."

सर हसले! म्हणे, मावशी, गेल्या महिन्यात तुमच्या सांगण्यात फ्रीजमध्ये साप होता. त्याच्या आधी दारात कलेक्टर उभे होते. पोरीला वाचवायला बरी गोष्ट काढलीत. मी देवाची शपथ घातली. म्हणाले, "सापाच्या वेळी पण घातली होती. जा, चहा टाका."

टाकला चहा. काय करू? जन्मभर गमती केल्या. आता एक खरं बोलले, तेही गमतीत गेलं.

२० मे

मोहिनीला सांगितलं. सगळं. तिला पटलं लगेच.

मग एवढंच म्हणाली, "मावशी, पहिलेच का बरं नही सांगं?"

दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२१ मे

जुनी सुस्त झालेली, म्हणून नवी काच आली. सरांनी स्वतः लावली. मी त्यांच्यासमोर टोपी काढली. पाणी मोरीत ओतलं, टोपी घासली, फुगा पदरानं पुसला, डिस्टिल्ड वॉटर भरलं, टोपी घातली. एक थेंब सांडला नाही. हात रोजच्यासारखे चालले. सर ओरडायला उठले, नि माझ्या हातांकडे बघत उभेच राहिले. पटलं त्यांना. मोहिनी धावली, काच खाऱ्या पाण्यात ठेवली.

मोहिनी कायम. मला उद्यापासून सुट्टी.

निघताना तिला म्हटलं, माझ्या जागी जी येईल तिला पहिल्याच दिवशी सांग. इथलं शिळं पाणी ओतायचं नसतं.