सॅम्पल न घेता सांगितलेला खडा

डोंबिवली पूर्व,
रविवार

तीर्थरूप हेमाताईस,

त्र्यंबकचा नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचं ब्लडप्रेशर आणि वर्तकनगरचं पाणी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. आमच्याकडे सगळं बरं आहे, फक्त मला काही कळेनासं झालंय.

मार्चमध्ये मंडईत दोडका निवडत होतो (दोडका मला आवडतही नाही), तेवढ्यात डाव्या कुशीत अशी कळ आली की मी तिथेच बटाट्याच्या पोत्यावर बसलो. भाजीवाल्या रमाबाईंनी पाणी पाजलं, मग सलिल आला आणि बापाला ठाण्याला घेऊन गेला. सीटी स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये डाव्या मूत्रपिंडात नऊ मिलिमीटरचा खडा, आणि त्याच्यापुढे एक आकडा: चारशे दहा. (त्या आकड्याच्या मापाला कुणा साहेबाचं नाव आहे, ते माझ्या तोंडात बसत नाही.)

डॉक्टर प्राप्ती म्हणजे सलिलपेक्षाही लहान दिसणारी मुलगी. स्क्रीन पाहून म्हणाली, "काका, खडा बहुतेक युरिक ॲसिडचा आहे. कॅल्शियमचा असता तर आकडा बराच वर गेला असता. हा औषधाने विरघळेल, लगेच ऑपरेशन नको."

ताई, एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी चौतीस वर्षं काढली. सॅम्पल हातात आल्याशिवाय मी साध्या मिठालाही मीठ म्हटलं नाही (घरी जेवतानासुद्धा, असं ही म्हणते). आणि ही पोर बाहेरून फोटो काढून पोटातल्या खड्याचं रसायन सांगते! मी विचारलं, "सॅम्पल न घेता?" ती हसली. "खडा क्ष-किरण किती अडवतो त्यावरून कळतं. अंदाजच आहे, काका. तीन महिन्यांनी परत बघू."

माझा गोंधळ इथेच सुरू झाला. ती बरोबर असेल तर खडा विरघळणार, म्हणजे सॅम्पल गेलं. ती चूक असेल तर खडा राहणार, ऑपरेशन होणार आणि सॅम्पल मिळणार. म्हणजे ती बरोबर होती हे दाखवणारा पुरावा तिच्याच औषधाने नाहीसा होणार! हे मी हिला दोन संध्याकाळ समजावलं. ही म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं व्हायचंय की रिपोर्ट लिहायचाय?" आठवडाभर मी औषध उघडलंच नाही.

आठव्या दिवशी पुन्हा कळ आली. खड्याचा तुकडा कधी लघवीतून पडतो असं ऐकलेलं, म्हणून मी चहाचं गाळणं घेतलं. (हिने नवं आणून लपवून ठेवलंय.) आणि ताई, एक दाणा मिळाला! तपकिरी, खरबरीत. तो बाटलीत घालून मी जुन्या लॅबमध्ये देवरामकडे गेलो. माझ्या खुर्चीवर हल्ली तोच बसतो. त्याने भिंगाखाली खूप वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, ही वेलची आहे."

त्या दिवसापासून मी मुकाट्याने औषध घेतलं, घटाघटा पाणी प्यायलो, रोज पट्टीने लघवीतलं आम्ल तपासलं (पट्टीचा रंग वाचण्यात माझा हात कोणी धरणार नाही). गेल्या मंगळवारी पुन्हा स्कॅन झाला. प्राप्ती म्हणाली, "काका, खडा गेला." मी बाहेर बाकावर बसलो आणि मला रडू आलं. सुटलो म्हणून की सॅम्पल गेलं म्हणून, ते अजून ठरत नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. तुझ्या यज्ञेशने सांगितलं की चार महिने तुझीही कूस दुखतेय, आणि ऑपरेशनच्या धास्तीने तू स्कॅनला जात नाहीस. कुळथाचं कढण पिऊन दिवस ढकलतेस. पोरावर चिडू नकोस. वरचं सगळं त्यासाठीच लिहिलं. शुक्रवारी अकराची वेळ घेतली आहे. तुझा आकडा काय येईल, ऑपरेशन लागेल की नाही, मला खरंच माहीत नाही. दहाला रिक्षा घेऊन खाली येतो.

ता. क. दोन. वर मी शूरासारखं लिहिलंय, पण पहिल्या स्कॅनला मी सलिलचा हात सोडत नव्हतो. शेवटी त्यालाच बाहेर काढलं. आत कुणालाही थांबू देत नाहीत. मी दाराला लागून उभा असेन.