टुणकीची व्यवस्था

मी, सोफा-खुर्च्यांना कापड चढवणारा कारागीर, हे स्वखुशीने लिहून ठेवत आहे. हात थरथरतात, अक्षर वाकडे येते. डोके मात्र जागेवर आहे. कोणी माझे कान भरलेले नाहीत.

१. दुकान व मागचे घर माझ्या भाच्यास. त्याने मागितलेले नाही. माझ्यामागे टुणकीला पाहावे म्हणून त्याला तिचे काम शिकवायला घेतले. टुणकी माझी बिनशेपटीची मांजर. तिच्या पाठीचा कणा खाली जन्मतःच अर्धवट. मागचे पाय जोडीने उचलून सशासारखी चालते, आणि लघवी तिला आपली आपण होत नाही. सकाळ-संध्याकाळ पोट अलगद दाबून करवावी लागते. भाच्याने दाबले, ती किंचाळली, हा पांढराफटक. म्हणाला, "मामा, घर कोणालाही द्या, पण हे माझ्याच्याने होणार नाही." हो म्हणून घर लाटता आले असते. म्हणून त्यालाच.

२. वाकड्या सुया, हातोडी, कात्र्याही त्यालाच. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये.

३. धाकट्या बहिणीस, म्हणजे भाच्याच्या आईस, न्हाणीघरातली निळी बादली. ती अशी बिनशेपटीची मांजरे वाढवून विकते. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला माझ्यादेखत बजावले होते, "दोन्ही बिनशेपटीची जोडी लावू नका. काही पिल्लं पोटातच मरतात, काही अशी अधू निघतात." ती म्हणाली, "शेपटी दिसली की गिऱ्हाईक तोंड फिरवतं, डॉक्टर." टुणकी अधू निघाली तेव्हा बुडवायला तिने हीच बादली भरली होती. मी पिल्लू आणि बादली दोन्ही उचलून आणली. बादली परत घ्यावी. तिला मी माफ केलेले नाही; मरायला टेकलो म्हणून करणारही नाही.

४. वरची कलमे काल लिहिली, हे आज. या बोटांना पूर्वी कापडाखालचा खिळा कळायचा. आता टुणकीचे पोट कळेना. जोर जास्त झाला की तिला दुखायचे, कमी पडला की लघवी तुंबायची. मूत्रपिंडे गेली. आज दुपारी डॉक्टर इंजेक्शन घेऊन आले. ती माझ्या मांडीवरच होती. खड्डा भाच्याने खणला, न सांगता. मला फार वाईट वाटते आहे. तिच्यासाठीच हे मृत्युपत्र लिहायला घेतले होते.

सही (वाकडी, पण माझीच)

साक्षीदार: जनावरांचे डॉक्टर, दुपारच्या कामानंतर थांबवून घेतलेले; आणि शेजारचा किल्लीवाला.

ठिकाण: दुकानामागची खोली.
तारीख: ९ नोव्हेंबर. टुणकीचीही हीच.